अकाउंट्स-टॅक्सचा डाऊट सरांना नेमका विचारायचा कसा? (बी.कॉम., सीए इंटरवाल्यांसाठी)

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरचीच मुलगी, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, सोबत सीए इंटरची तयारी, बारावीपर्यंत मराठी मिडियम, वडिलांचे टॉवेलचे चार लूम. क्लासला शंभरेक पोरं, सर इंग्लिशमधे फास्ट शिकवतात, डाऊट विचारला की "मॉड्युल (सीए इन्स्टिट्यूटचं पुस्तक) वाच, त्यात आहे" म्हणतात, त्यामुळे आता विचारायचीच भीती वाटते. वेगळी ट्यूशन लावायला पैसे नाहीत आणि लावली तरी काय विचारायचं तेच कळत नाही असं ती म्हणते. तर शिकवणाऱ्याकडून मदत मागायची कशी?

हे बघ बाळा, मी गेली १९ वर्षं सोलापुरात प्रॅक्टिस करते आणि त्यातली १४ वर्षं संध्याकाळी पोरांना शिकवते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हे बघितलंय. तुझ्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य, "काय विचारायचं तेच कळत नाही", खरी अडचण तीच आहे. भीती वगैरे नंतर बघू.

माझ्याकडे येणारी निम्मी पोरं दारातच म्हणतात, मॅडम डेप्रिसिएशन (घसारा) काहीच कळलं नाही. आता यावर मी काय करू? सगळा चॅप्टर पहिल्यापासून घेतला तर दीड तास जाणार, त्यातला सव्वा तास तुला जे येतंय तेच परत सांगण्यात जाणार, आणि जिथं तुझं अडलंय ती जागा मी सरळ ओलांडून पुढं जाणार कारण मला कुणी सांगितलंच नाही की इथं अडलंय. आणि काहीच कळलं नाही असं कधी नसतंच गं, कुठल्या तरी एका ओळीवर गाडी थांबलेली असते आणि तिथून पुढचं सगळं धूसर दिसतं म्हणून वाटतं की पूर्ण चॅप्टरच डोक्यावरून गेला. ती ओळ शोधून आणणं एवढंच तुझं काम.

एक उदाहरण सांगते. एक मुलगा आला, वही उघडूनच आला. गणितात १२ लाखाचं मशीन, बिल २५ सप्टेंबरचं, इन्कम टॅक्सप्रमाणे घसारा काढायचा होता. त्याने १५ टक्क्याने १,८०,००० काढले होते, उत्तरात होते ९०,०००. वहीच्या कडेला त्याने पेन्सिलने लिहिलं होतं, "२५ सप्टें. ते ३१ मार्च १८८ दिवस, १८० पेक्षा जास्त, मग निम्मा का?" मला बघायला दहा सेकंद लागले. वर प्रश्नात एक ओळ होती की मशीन बसवून १० ऑक्टोबरला चालू केलं. कायदा दिवस मोजतो ते मशीन वापरात आलं तेव्हापासून, बिल फाडलं तेव्हापासून नाही. १० ऑक्टोबरपासून १७३ दिवस होतात, १८० पेक्षा कमी, म्हणून निम्मा दर. त्याला दिवस मोजता येत होते, दर माहीत होता, १८० दिवसांचा नियम पण माहीत होता, फक्त तारीख चुकीची धरली होती. हाच मुलगा "डेप्रिसिएशन कळलं नाही" म्हणत आला असता तर मी त्याला ब्लॉक ऑफ ॲसेट्सपासून सगळं शिकवलं असतं आणि तो परत २५ सप्टेंबरपासूनच मोजत बसला असता.

चार मिनिटात डाऊट संपला, पण तो उठला नाही, त्याने विचारलं, "मॅडम, मग कंपनीच्या पुस्तकात पण निम्माच धरायचा का?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण पुस्तकात तसं नसतं, तिथं कंपनी कायद्याच्या शेड्युल दोनप्रमाणे मशीनचं आयुष्य धरून जेवढे दिवस तेवढा घसारा. म्हणजे पुस्तकातला नफा वेगळा आणि टॅक्सचा नफा वेगळा, आणि त्या फरकातूनच एएस २२ (आयकराचा हिशोब पुस्तकात कसा दाखवायचा ते सांगणारं अकाउंटिंग स्टँडर्ड) मधला डिफर्ड टॅक्स जन्माला येतो, ज्याला पोरं इतकी घाबरतात. वहीतली एक ओळ धरून आला आणि तीन चॅप्टरचा सांधा समजून गेला.

आता ती ओळ सापडते कशी ते सांगते. सोल्युशन झाकून ठेवून गणित स्वतः कागदावर सोडवायचं, पूर्ण, चुकलं तरी चालेल पण शेवटपर्यंत न्यायचं. सोल्युशन समोर ठेवून वाचत गेलं की सगळं कळल्यासारखं वाटतं, प्रत्येक ओळीला मान हलते, आणि परीक्षेत कोरा कागद आला की हात थांबतो. सोडवून झालं की सोल्युशन शेजारी ठेवायचं आणि वरून एकेक ओळ जुळवत यायचं. जिथं पहिल्यांदा तुझी ओळ वेगळी निघते तिथं थांब, पेन्सिलने रेघ मार आणि बाजूला मराठीत लिही की मी असं का केलं. "मी असं केलं कारण मला वाटलं की..." हे वाक्य पूर्ण झालं की तोच तुझा डाऊट. निम्म्या वेळा ते लिहितानाच उत्तर सापडतं आणि सरांकडे जायची गरजच राहत नाही, हे मी अगदी अनुभवाने सांगते.

अकाउंट्समधे ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिल्लकांची यादी) जुळत नाही ही नेहमीची तक्रार. सरांकडे नेण्याआधी फरकाची रक्कम नीट बघ. फरक ९ ने भागला जातो का? जात असेल तर बहुतेक आकडे उलटसुलट पडलेत, म्हणजे ५,४७२ च्या जागी ५,७४२ लिहिलं की २७० चा फरक पडतो आणि २७० ला ९ ने भाग जातो. नसेल तर फरकाची निम्मी रक्कम कुठं दिसते का शोध, कारण नावेची रक्कम चुकून जमेला गेली की फरक दुप्पट पडतो. तेही नसेल तर तेवढ्याच रकमेची एखादी एंट्री खतावणीत न्यायचीच राहिली असेल. एवढं करूनही नाही सापडलं तर जा, पण जाताना सांग की सर मी ९ ने भागून बघितलं, निम्मी रक्कम शोधली, राहिलेली पोस्टिंग तपासली. हे ऐकलं की शिकवणाऱ्याचं डोकं सरळ पुढच्या पायरीवर जातं, आणि खरं सांगते, त्याला तुझ्याबद्दल आदर वाटतो. कष्ट करून आलेल्या पोराला "मॉड्युल वाच" म्हणायला कुणाची जीभ सहसा रेटत नाही.

जीएसटीचं घे, कारण तुझ्या घरातच त्याचं मटेरियल आहे. समज, वडिलांनी तमिळनाडूतून २ लाखाचं सूत आणलं, ५ टक्के आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या मालावरचा जीएसटी) म्हणजे १०,००० क्रेडिट, म्हणजे आपल्या देण्यातून वजा करता येणारा टॅक्स. इथल्याच व्यापाऱ्याकडून थोडा माल घेतला त्यावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) १,००० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) १,००० क्रेडिट. विकले ३ लाखाचे टॉवेल महाराष्ट्रातच, ५ टक्क्याने धरू, म्हणजे सीजीएसटी ७,५०० आणि एसजीएसटी ७,५०० भरायचे. आता पोरं मला काय विचारतात? "मॅडम, सेट-ऑफ (कुठलं क्रेडिट कुठल्या देण्यातून वजा करायचं ते) समजावून सांगा." यावर मी नियम म्हणून दाखवणार की आयजीएसटीचं क्रेडिट आधी संपवायचं, ते आधी आयजीएसटीच्या देण्याला आणि मग सीजीएसटी-एसजीएसटीला कुठल्याही प्रमाणात वापरता येतं, सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला चालत नाही आणि उलटंही नाही. हे तर मॉड्युलमधे पण आहे, सर म्हणतात ते खोटं नाही.

पण एका मुलीने असं विचारलं, "मी आयजीएसटीचे ७,५०० सीजीएसटीला लावले आणि उरलेले २,५०० एसजीएसटीला, मग एसजीएसटीचं स्वतःचं १,००० लावलं, तर ४,००० रोख भरावे लागतात आणि सीजीएसटीचं १,००० क्रेडिट तसंच पडून राहतं. मैत्रिणीचं उत्तर ३,००० आलंय. दोघींनी नियम पाळलाय, मग बरोबर कोण?" आता याला म्हणतात प्रश्न! दोघीही नियमात बरोबर आहेत, पण मैत्रिणीने आयजीएसटीचे ६,५०० सीजीएसटीला लावले आणि ३,५०० एसजीएसटीला, त्यामुळे सीजीएसटीचं १,००० पण वापरलं गेलं. एकूण देणं १५,०००, एकूण क्रेडिट १२,०००, म्हणजे रोख ३,००० च्या खाली जाणारच नाही आणि ३,००० वर आणता येत असेल तर धंदेवाल्याने जास्त का भरायचे. "कुठल्याही प्रमाणात" ही मोकळीक कशाला ठेवलीय ते त्या पोरीला त्या दिवशी कळलं, आणि प्रॅक्टिसमधे माझ्याकडे येणाऱ्या कारखानदाराला पण नेमकं हेच हवं असतं. अर्थात मागची काही थकबाकी नसेल, बिलं टूबी मधे (पोर्टलवर आपोआप येणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) दिसत असतील वगैरे अटी आहेतच, त्या इथं काढत नाही.

म्हणजे तुझ्याकडे एखादं उत्तर पाहिजे, चुकीचं का असेना, आणि ते दुसऱ्या कशाशी तरी भिडलेलं पाहिजे, पुस्तकाशी नाहीतर मैत्रिणीच्या वहीशी. नुसतं टॉपिकचं नाव घेऊन गेलीस तर टॉपिकच परत मिळेल.

दुसरं, "एंट्री सांगा" असं कधी विचारू नको, "ही एंट्री का" असं विचार. हे मी का सांगते तर आर्टिकलशिपमधे (सीएच्या हाताखालच्या उमेदवारीत) मी स्वतः हे नाही केलं. एका टॉवेलवाल्या क्लायंटची पुस्तकं मी लिहीत होते, दर महिन्याला बँकेचा कर्जाचा हप्ता जायचा आणि मी पूर्ण हप्ता व्याज खर्चाला टाकत गेले. पहिल्या महिन्यात मनात आलं होतं की यात मुद्दल पण असेल ना, पण सीनियर कामात होते, मी लाजले, म्हटलं एवढं साधं कसं विचारायचं. अकरा महिने तेच. वर्षअखेरीला कर्ज खात्याची शिल्लक बँकेच्या स्टेटमेंटशी जुळेना, नफा खरा होता त्यापेक्षा कमी दिसत होता. सीनियर चिडले नाहीत, त्यांनी लोन स्टेटमेंट आणि लाल पेन हातात दिलं आणि म्हणाले प्रत्येक हप्त्यातलं व्याज वेगळं काढ, मुद्दल वेगळं काढ. दोन दिवस गेले. मुद्दल परत देणं म्हणजे देणं कमी होणं, तो खर्च नाही, खर्च फक्त व्याज, हे त्या लाल पेनाने डोक्यात बसलं ते आजतागायत. पहिल्याच महिन्यात अर्ध्या मिनिटात विचारता आलं असतं. साधा प्रश्न वाटतो तोच आधी विचारायचा, कारण त्याच्यावर पुढचे अकरा महिने उभे राहतात.

मराठी मिडियमचं तू लई मनाला लावून घेतलंस असं दिसतंय. डाऊट मराठीत विचार, बिनधास्त विचार. सोलापुरात शिकवणाऱ्याला मराठी येतं, निम्म्यांना तेलुगू-कन्नड पण येतं. विचार करायची भाषा आणि पेपरची भाषा वेगळी असली तरी बिघडत नाही, फक्त शेवटचं उत्तर इंग्लिशमधे लिहायची सवय लाव, कारण सीएचा पेपर इंग्लिश किंवा हिंदीतच देता येतो. वहीच्या मागच्या पानावर जोड्या लिहीत जा, घसारा, ताळेबंद, खतावणी, रोजकीर्द, येणी, देणी, आणि समोर इंग्लिश शब्द. एक जागा मात्र सांभाळ. आपण लहानपणापासून ऐकतो की पैसे खात्यात "जमा" झाले, आणि पासबुकात पण जमाच लिहिलेलं असतं, ते बँकेच्या बाजूने असतं, बँक तुझं देणं लागते म्हणून. तुझ्या स्वतःच्या पुस्तकात तेच पैसे बँक खात्याच्या नावे बाजूला येतात, म्हणजे डेबिट. मराठी मिडियमची पोरं बँक रिकन्सिलिएशनमधे (आपलं पुस्तक आणि पासबुक जुळवताना) अडकतात ती बऱ्याचदा इथंच, हुशारीचा काही संबंध नाही. हे एकदा सरांना स्पष्ट विचारून घे की सर, कोणाच्या पुस्तकातून बघायचं?

आता "मॉड्युल वाच" म्हणणारे सर. शंभर पोरांच्या बॅचमधे पाच-सहा जणांनी वर्ग सुटताना घेरलं तर माणूस तेच म्हणणार, त्याला पुढची बॅच असते. तू खरंच ते पान वाच आणि दुसऱ्या दिवशी पान नंबर घेऊन परत जा. सर, ह्या पानावरचं हे उदाहरण सोडवलं, तिसऱ्या पायरीपर्यंत जुळलं, इथं मी असं धरलं आणि पुस्तकाने असं, दहा मिनिटं कधी देता? वेळ मागून घे, जिन्यात उभं राहून डाऊट सुटत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर स्वतःच्या वहीच्या पानाचा सरळ, उजेडातला एक फोटो, रेघ मारलेली जागा दिसेल असा, आणि खाली दोन ओळी. एका मेसेजला एकच डाऊट. रात्री साडेअकराला सात फोटो आणि "सर प्लीज सॉल्व्ह" असं पाठवलं तर उत्तर येत नाही याचं नवल नाही. दोन दिवस उत्तर नाही आलं तर नम्रपणे आठवण कर, त्यात काही वाईट नाही. आणि शिकवणारा माझ्यासारखा प्रॅक्टिसवाला असेल तर महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटी रिटर्नची असते, सप्टेंबरच्या शेवटी टॅक्स ऑडिट असतं, त्या दिवसांत आम्ही जेवायला पण धड उठत नाही. हे दिवस सोडून विचार, तोच माणूस तुला अर्धा तास देईल.

टॅक्सला एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, चॅप्टर सुरू व्हायच्या पण आधी: सर, माझ्या अटेम्प्टला कुठला कायदा लागू? सध्या तर हे फारच महत्त्वाचं आहे. १९६१ चा इन्कम टॅक्स कायदा इतकी वर्षं चालला, त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू. प्रीव्हियस इयर-असेसमेंट इयर ही जोडी जाऊन "टॅक्स इयर" आलं, कलमांचे नंबर बदलले, आम्ही वर्षानुवर्षं तोंडपाठ म्हणायचो ती टीडीएसची (पैसे देतानाच कापायच्या टॅक्सची) १९४सी, १९४जे कलमं आता तशी नाहीत, पगार सोडून बाकीचा टीडीएस ३९३ कलमात एकत्र केलाय. सीनियरने प्रेमाने दिलेल्या नोट्स, दोन वर्षांपूर्वीचा यूट्यूब व्हिडिओ, मोबाईलवरचं एआय, तिन्हीत जुनी कलमं आणि जुने दर असू शकतात. एआयला विचारू नको असं मी म्हणणार नाही, माझी आर्टिकल पोरं विचारतातच, पण ते चुकीचं कलम पण बरोबर असल्याच्या थाटात सांगतं, म्हणून प्रत्येक कलम आणि प्रत्येक दर आयसीएआयच्या (सीए इन्स्टिट्यूटच्या) तुझ्या अटेम्प्टच्या मटेरियलशी आणि आरटीपीशी (परीक्षेआधी येणाऱ्या सरावाच्या पुस्तिकेशी) जुळवल्याशिवाय वहीत उतरवायचा नाही. जुळलं नाही तर तो झाला तुझा पुढचा डाऊट.

पैशाचं बोलायचं तर महिन्याची ट्यूशन तुला लागणारच नाही असं मला वाटतं. पेन्सिलच्या रेघा मारलेली दहा पानं साठव आणि कुणाकडे तरी एक तासाचं डाऊट सेशन माग, बरेच जण तासावर देतात, एका तासात दहा पानं होतात. इंटर पास झालेली, आर्टिकलशिप करणारी सीनियर मुलगी शोध, तिला तुझी अडचण ताजी आठवत असते. दोन मैत्रिणी मिळून तीच गणितं वेगवेगळी सोडवा आणि उत्तरं भिडवा, वर सांगितलेल्या त्या दोघींसारखी. फक्त कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा असाइनमेंट कुणाकडून पूर्ण करून घेऊ नको, पैसे देऊन तर नाहीच. उलट शिकवणाऱ्याला आधीच सांग की मला उत्तर सांगू नका, कुठल्या ओळीत चुकलं तेवढं दाखवा, पुढचं मी करते. मी अशा पोरांना जास्त वेळ देते आणि माझ्या ओळखीतले सगळेच देतात.

भीतीचं म्हणालीस, तर वही समोर असली की नजर वहीवर जाते, तुझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही. पहिल्या दोन वेळा आवाज कापेल, कापू दे.

ह्या रविवारी एवढं कर. वडिलांकडून मागच्या महिन्याची सुताची आणि टॉवेलची बिलं माग, आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी वेगळे काढ, सेट-ऑफ कर आणि थ्रीबी मधे (जीएसटीच्या रिटर्नमधे) रोख किती भरलेत त्याच्याशी जुळव. जुळलं नाही तर जिथं वेगळं निघालं तिथं रेघ मार, "मला वाटलं की..." लिही आणि सोमवारी ते पान सरांपुढे ठेव. सरांना वेळ नसेल तर पानाचा फोटो मला पाठव, २० तारीख टळली की मी बघते.